साडेचारशे हॉर्सपॉवर, पण कोणत्या मापाने?

वाचकांचे प्रश्न, गॅरेजमधून उत्तरं

प्रश्न : सर, मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मित्राकडे व्हर्ना टर्बो आहे, १६० पीएसची (पीएस म्हणजे जवळजवळ हॉर्सपॉवरच). माझं म्हणणं, १९७० च्या शेव्हरले शेव्हेलला ४५० हॉर्सपॉवर होते, म्हणजे जवळजवळ तिप्पट. जुन्या मसल कारपुढे, म्हणजे मोठ्या इंजिनाच्या त्या दांडग्या अमेरिकन गाड्यांपुढे, आजच्या गाड्या टिकणारच नाहीत. मित्र म्हणतो, उलट आहे. कोण बरोबर?
— विद्यार्थी, होटगी रोड, सोलापूर

आधी तुझा ४५० चा आकडा नीट बघू. आकडा खोटा नाही. १९७० च्या शेव्हेल एसएस ४५४ मध्ये एलएस६ नावाचं इंजिन मिळायचं, त्याला कंपनीनेच ४५० हॉर्सपॉवर दिले होते. ४५४ हे घनइंच, आपल्या हिशेबाने सुमारे ७.४ लिटर. पण ते मोजले कसे, यात सगळी मेख आहे.

त्या काळी अमेरिकेत इंजिनाची ताकद ‘ग्रॉस’ पद्धतीने मोजत. इंजिन गाडीत नाही, टेस्ट बेंचवर. एअर फिल्टर नाही, सायलेन्सर नाही, अल्टरनेटरचा भार नाही, आणि ठिणगीचं टायमिंग जास्तीत जास्त ताकद निघेल असं लावलेलं. अशा अवस्थेत ते इंजिन रस्त्यावर कधीच चालत नाही. १९७२ च्या मॉडेलपासून तिकडच्या कंपन्यांनी ‘नेट’ आकडा द्यायला सुरुवात केली, म्हणजे फिल्टर, सायलेन्सर, पंखा, अल्टरनेटर सगळं जागेवर ठेवून मोजलेला. त्याच्या आधीच्या वर्षी, १९७१ ला, शेव्हरलेची मालक असलेल्या जनरल मोटर्सने दोन्ही आकडे छापले, त्यामुळे फरक उघड्यावर आला. त्याच ४५४ घनइंचांचं एलएस५ इंजिन ग्रॉस मापाने ३६५ होतं आणि नेट मापाने २८५. इंजिन तेच, पेट्रोल तेच. ऐंशी हॉर्सपॉवर नुसत्या मापात गेले.

याच प्रमाणात तुझं एलएस६ उतरवलं तर ३५० च्या आसपास येतं. हा माझा ढोबळ हिशेब आहे, कंपनीचा आकडा नाही. मित्राच्या व्हर्नाचे १६० मात्र नेट मापाचेच आहेत. म्हणजे तिप्पट नाही, दुपटीहून थोडं जास्त. आणि ते दुप्पट काढायला पाचपट मोठं इंजिन लागलं. एलएस५ चे नेट आकडे धरले तर लिटरमागे ३८ हॉर्सपॉवर पडतात. व्हर्नाचं दीड लिटरचं टर्बो लिटरमागे शंभराच्या वर देतं. मेकॅनिकलच्या मुलाने खरं तर या आकड्यावर रात्र जागवायला हवी. टर्बो, सिलिंडरमध्ये थेट फवारलं जाणारं पेट्रोल, नॉकिंगची, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकून बसणाऱ्या ठोक्यांची, चाहूल लागताच टायमिंग मागे घेणारा सेन्सर आणि हे सगळं एका क्षणात जुळवणारा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, असं मिळून ते घडतं. जुन्या इंजिनात हे सगळं काम मेकॅनिकच्या कानाला आणि स्क्रूड्रायव्हरला करावं लागे.

आता शर्यतीचं. इथे तुझ्या मित्राला मी लगेच जिंकवणार नाही. एलएस६ ची शेव्हेल त्या वेळच्या चाचण्यांत ताशी साठ मैलांना सहा सेकंदांच्या आसपास पोचायची आणि पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, साडेतेरा सेकंदांच्या आगेमागे कापायची. व्हर्ना टर्बोला शून्य ते शंभर किलोमीटरला ८.१ सेकंद लागतात, असं ह्युंदाई सांगते. सरळ रस्त्यावर शेव्हेल पुढे जाईल, शंका नको.

पण तू त्या काळची सगळ्यात ताकदवान गाडी उचललीस आणि मित्राने आजची घरातली. हे जोड्या लावणं बरोबर नाही. १९६५ ची साधी व्ही-८ मस्टँग घे. २८९ घनइंच, दोन बॅरलच्या कार्बोरेटरवर २०० हॉर्सपॉवर, तेही ग्रॉस. ती साठ मैलांना जायला नऊ सेकंद किंवा जास्त घ्यायची. तिच्या शेजारी तुझ्या मित्राची व्हर्ना उभी केली तर व्हर्ना पुढे निघेल, आणि एसी चालू ठेवून निघेल. अमेरिकेत तर याहून ठळक उदाहरण आहे. मागच्या पिढीची टोयोटा कॅम्री व्ही-६, ३०१ हॉर्सपॉवर, घरच्या माणसांना घेऊन जायची गाडी, चाचण्यांत साठ मैलांना सहा सेकंदांच्या आत जायची. म्हणजे एलएस६ शेव्हेलच्या बरोबरीने.

आकडे वाचताना आणखी एक बघ. तिकडच्या बऱ्याच मासिकांत घड्याळ गाडी हलल्यावर लगेच सुरू होत नाही. पहिला सुमारे एक फूट सोडून देतात, ड्रॅग स्ट्रिपची, म्हणजे सरळ शर्यतीच्या पट्ट्याची, तशी रीत आहे. तेवढ्याने दोन-तीन दशांश सेकंद वाचतात. शिवाय साठ मैल म्हणजे ९६.६ किलोमीटर, शंभर नव्हे. त्यामुळे तिकडचा आकडा आणि इथला आकडा शेजारी ठेवताना अर्ध्या सेकंदावरून भांडू नका.

आणि या गाड्या अशा का होत्या, तेही समजून घे, म्हणजे पुढचं उलगडेल. १९६४ साली जनरल मोटर्सच्याच पॉन्टियाकने मधल्या आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचं ३८९ घनइंचांचं, ६.४ लिटरचं इंजिन बसवलं आणि तिला जीटीओ म्हटलं. जनरल मोटर्समध्ये मधल्या गाड्यांना ३३० घनइंचांच्या वरचं इंजिन लावायचं नाही असा नियम होता. पॉन्टियाकचे इंजिनिअर जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते इंजिन वेगळं मॉडेल म्हणून नव्हे तर ऑप्शन म्हणून विकलं आणि नियमातून वाट काढली. तरुणांना परवडेल अशा किमतीत ३२५ हॉर्सपॉवर मिळाले. पण इंजिन बदललं म्हणून बाकीची गाडी बदलली नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक. मागे अखंड अ‍ॅक्सल. टायर अरुंद, आपण ज्याला नायलॉन टायर म्हणतो त्या जातीचे, रेडियल नव्हेत. पुढच्या डिस्क ब्रेकचा पर्याय जीटीओला १९६७ मध्ये मिळाला, तोही वेगळे पैसे मोजून.

पावणेदोन टनांच्या शेव्हेलमध्ये तू अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलास तर पहिले काही मीटर टायर जागेवर फिरून धूर काढतील. फोटोत ते फार छान दिसतं. पण तो धूर म्हणजे इंजिनाने दिलेली आणि टायरला रस्त्यावर उतरवता न आलेली ताकद. आजच्या गाडीचा खरा फायदा मला इंजिनापेक्षा टायरमध्ये दिसतो. आणि थांबण्यात. थांबण्याचा हिशेब खाली मोहोळच्या ताईंच्या उत्तरात मांडलाय, तो तू मित्राला घेऊन वाच.

प्रश्न : मस्टँग ही मसल कार आहे की नाही? आमच्या कट्ट्यावर एकमत होत नाही.
— नवी पेठ

काटेकोर बोलायचं तर नाही. १७ एप्रिल १९६४ ला फोर्डने ती आणली ती लहान, देखणी, स्वस्त गाडी म्हणून. तिच्यावरूनच त्या वर्गाला ‘पोनी कार’ म्हणू लागले, आणि तिची साधी आवृत्ती सहा सिलिंडरची होती. शेल्बी जीटी५०० किंवा बॉस ४२९ सारख्या मस्टँग मात्र ताकदीने कुणाही मसल कारच्या पंगतीला बसतात. भारतात फोर्डने २०१६ मध्ये आणली ती पाच लिटर व्ही-८ होती.

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची कॉन्टेसा क्लासिक आहे, १.८ इसुझू इंजिनाची. टॉवेलच्या धंद्यात पहिली मोठी ऑर्डर मिळाली तेव्हा त्यांनी घेतली होती. लोक तिला भारतीय मसल कार म्हणतात. माझा मुलगा म्हणतो, तिच्यात मोठं व्ही-८ किंवा आजचं टर्बो इंजिन बसवू. जमेल का? खर्चाची तयारी आहे.
— टॉवेल कारखानदार, अक्कलकोट रोड

जमवणारे भेटतील. तुम्ही करू नका, ही माझी कळकळीची विनंती.

कायद्याचं आधी सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हे आणखी पक्कं केलं. इंजिन निकामी झालं तर त्याच जातीचं दुसरं इंजिन परवानगी घेऊन बसवता येतं. कॉन्टेसात व्ही-८ त्यात बसत नाही. रजिस्ट्रेशन जाईल आणि अपघात झाला तर विमा हात वर करेल. २०२१ च्या नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी व्हिंटेज नोंदणी आहे, वीस हजार रुपये भरून. पण कॉन्टेसा बाजारात आली १९८४ ला, त्यामुळे तिला अजून वेळ आहे. शिवाय त्या नोंदणीलाही मूळ रचना शाबूत लागते आणि गाडी रोज वापरता येत नाही.

आता गाडीचं. कॉन्टेसाचा साचा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलचा. लांब बॉनेट, चार गोल दिवे, रुंद बसकण, त्यामुळे ती अमेरिकन वाटते. सुरुवातीला हिंदुस्तान मोटर्सने तिच्यात अ‍ॅम्बॅसॅडरचं १४८९ सीसीचं इंजिन टाकलं होतं, पन्नासेक हॉर्सपॉवरचं, आणि ती बिचारी चढाला दमायची. इसुझूचं १.८ आलं, पाच गिअर आले, ८५-८८ हॉर्सपॉवर झाले आणि त्या काळच्या रस्त्यावर ती खरोखर राजासारखी चालायची. जुन्या पुणे रोडवर फियाट आणि अ‍ॅम्बॅसॅडरच्या रांगेत कॉन्टेसा उजवीकडून निघून गेली की माणसं मान वळवून बघत. आज जवळजवळ तेवढीच ताकद स्विफ्टमध्ये मिळते, तीही बरंच कमी वजन असलेल्या अंगात. त्यामुळे शर्यत लावायला म्हणून कॉन्टेसा ठेवू नका. तिच्याकडून ते मागणं तिच्यावर अन्याय आहे.

इंजिनावर जे खर्च करणार होता, त्याचा थोडा भाग ब्रेकवर करा. गॅरेजला आलेल्या अशा जुन्या गाड्यांचं मागचं चाक काढलं की ड्रम बहुतेक वेळा गंजून हबला धरलेला असतो. लाकडी हातोड्याने चारी बाजूंनी हलके ठोके दिले की सुटतो. आत काळी भुकटी. ती फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचा, ओल्या फडक्याने पुसून घ्यायची. मग ब्रेक शूवरच्या लायनरवर नख ओढून बघायचं. चांगल्या लायनरवर नख थोडं अडखळतं. तापून गुळगुळीत झालेल्या लायनरवर ते सरळ घसरतं, पृष्ठभाग चकाकत असतो. ड्रमच्या आतल्या बाजूला निळसर डाग दिसले तर समजा, कधीतरी घाटात हा ड्रम भट्टीसारखा तापलाय. मग वर व्हील सिलिंडरचं रबर बोटाने थोडं उचलायचं. खाली ओल दिसली तर रबर कप गेला, ब्रेक ऑइल झिरपून लायनरवर उतरतंय. बाहेरून गाडी चकचकीत पॉलिश केलेली असते आणि आत ही अवस्था.

ड्रम तापला की तो किंचित फुगतो आणि शूपासून दूर जातो. पॅडल खोल जायला लागतं. लायनरही तापलं की पकड सोडतं. एकदा ब्रेक मारला तर गाडी थांबेल, लागोपाठ तीनदा मारला तर तिसऱ्या वेळी पाय दाबून धरूनही ती पुढे सरकत राहते. जीटीओसारख्या गाड्यांचं हेच दुखणं होतं, वर सव्वातीनशे हॉर्सपॉवर आणि खाली हे ड्रम. तुम्ही कॉन्टेसात मोठं इंजिन टाकाल तर तेच दुखणं घरी आणाल.

लायनर नवे, ड्रमचं टर्निंग, व्हील सिलिंडरचे किट, रबरी होज बदललेले, ब्रेक ऑइल ताजं. टायर रेडियल. रेडिएटर बाहेर काढून साफ. एवढं केलंत की मुलाला घेऊन पहाटे तुळजापूरला जाऊन या. त्याला वडिलांच्या गाडीत बसल्यासारखं वाटेल, आणि तुम्हालाही.

प्रश्न : आमच्या भागात उसाचं इथेनॉल बनतं आणि पेट्रोलमध्ये वीस टक्के जातं, याचा शेतकरी म्हणून अभिमान आहे. पण माझी प्रीमियर पद्मिनी या पेट्रोलवर गरम झाली की झटके देते आणि बंद पडते. तुम्ही लिहिता की आजच्या इंजिनांना हे पेट्रोल चालतं. मग जुन्यांना का नाही?
— ऊस उत्पादक, माळशिरस तालुका

अभिमान रास्त आहे. इथेनॉल इंजिनाचा शत्रू नाही, उलट त्याचा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग टाळण्याची क्षमता, पेट्रोलपेक्षा बराच वरचा आहे. अमेरिकेतली २०२३ ची डॉज डेमन १७० ही गाडी बघा. तिच्या १,०२५ हॉर्सपॉवरचा आकडा ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेल्या इंधनावरचा आहे. म्हणजे आजच्या घडीची सगळ्यात दांडगी मसल कार तुमच्या उसाच्या रसावर धावते, असं म्हणायला हरकत नाही.

फरक आहे तो समजून घेण्यात. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो आणि एका लिटरमधली उष्णता पेट्रोलच्या दोन तृतीयांश. त्यामुळे तेवढ्याच हवेला जास्त इंधन लागतं. आजच्या गाडीत सायलेन्सरच्या वाटेवर बसलेला ऑक्सिजन सेन्सर हे ओळखतो आणि ईसीयू इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. तुमच्या पद्मिनीच्या कार्बोरेटरला मेन जेटच्या भोकातून जेवढं येईल तेवढंच माहीत. मिश्रण पातळ पडतं, इंजिन जास्त तापतं, झटके देतं. त्यात आपला मे महिना. चाळीसच्या वर पारा, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. इंजिनाला पेट्रोल ओढून देणाऱ्या गाडीतल्या पंपातच ते उकळून वाफ होते आणि पंप वाफ ओढू शकत नाही. जुने टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं गुंडाळून ठेवायचे, तो उपाय अजूनही खरा आहे.

कायमचा उपाय : जुने रबरी पाइप, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरमधलं पॅकिंग इथेनॉलला टिकणारं बसवून घ्या, कारण जुनं रबर यात फुगतं आणि मग चिरतं. पेट्रोलची नळी मॅनिफोल्डपासून जेवढी लांब नेता येईल तेवढी न्या. मेन जेट एक माप मोठं करून प्लगचा रंग बघा, पांढरट असेल तर अजून पातळ आहे, विटकरी-तपकिरी आला की जुळलं. आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवणार असाल तर टाकीत हे पेट्रोल ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि पत्र्याची टाकी आतून गंजते.

प्रश्न : टाटा हॅरियर ईव्ही शून्य ते शंभर ६.३ सेकंदांत जाते म्हणतात. मग जुन्या मसल कारचं कौतुक कशासाठी करायचं?
— विजापूर रोड

ऑल व्हील ड्राइव्ह हॅरियर ईव्हीचा हा कंपनीचा आकडा आहे आणि तो विलक्षण आहे. दोन टनांहून जड, पाच माणसांची, आवाज न करणारी गाडी १९७० च्या सगळ्यात वेगवान शेव्हेलच्या जवळ जाते. मोटरला फिरायला लागल्या क्षणापासून पूर्ण टॉर्क असतो, गिअर बदलायचा नसतो, चारही चाकं ओढतात आणि कुठलं चाक घसरतंय ते संगणक आपल्या पापणी लवण्याच्या आत ओळखतो. कामगिरी एवढाच निकष असेल तर वाद संपला.

मी कौतुक वेगळ्या गोष्टीचं करतो. त्या गाड्यांचं बॉनेट उघडलं की सगळं दिसतं. पेट्रोल कुठून येतं, ठिणगी कुठे पडते, पाणी कुठून फिरतं, विशीतला पोरगा दोन पाने घेऊन बसला तर शिकू शकत होता. १९७० नंतर प्रदूषणाचे कायदे आले, कम्प्रेशन उतरलं, विम्याचे हप्ते वाढले, १९७३ चं तेलसंकट आलं आणि तो काळ दहा वर्षांत संपला. त्या दहा वर्षांत साध्या घरातल्या मुलांनी अंगणात इंजिनं खोलली आणि त्यातून मेकॅनिक, इंजिनिअर घडले. मला स्वतःला हे काम कार्बोरेटर खोलूनच समजलं. आजच्या मुलांना ती खिडकी मिळावी असं मला मनापासून वाटतं, म्हणून एखादी जुनी गाडी प्रत्येक आयटीआयच्या शेडमध्ये असावी.

प्रश्न : भाऊ, मुलाला नवी गाडी घेऊन दिली. रात्री मित्रांबरोबर पुणे हायवेला जाऊन शंभरला किती सेकंदांत जाते ते मोजतो आणि मोबाइलवर शूटिंग करतो. एकशेचाळीसपर्यंत नेतो, असं कळलं. रागावले तर म्हणतो, जुन्या गाड्यांत धोका होता, हिला एबीएस आहे, सहा एअरबॅग आहेत, पाच स्टार आहेत. त्याला तुम्हीच काही सांगा.
— गृहिणी, मोहोळ

ताई, तुमचा मुलगा म्हणतो त्यातलं पहिलं वाक्य खरं आहे, आणि ते किती खरं आहे ते आधी त्याला आकड्यांत सांगतो. ताशी शंभर म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. आजचे चांगले रेडियल टायर आणि एबीएस कोरड्या रस्त्यावर गाडीला साधारण ३९-४० मीटरमध्ये थांबवतात. जुन्या नायलॉन टायरची आणि ड्रम ब्रेकची पकड त्याच्या सत्तर टक्के धरली तर अंतर ५६ मीटर होतं. हे सोळा-सतरा मीटर कमी वाटतील. पण दोन्ही गाड्यांनी एकाच जागी ब्रेक मारला, तर जिथे नवी गाडी उभी राहिली तिथून जुनी गाडी अजून ताशी ५५ च्या वेगाने पुढे जात असते. पन्नास वर्षांत इंजिनिअरांनी केलेल्या कामातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे.

आता त्याने नीट ऐकावं. पाच स्टार मिळतात ती भारत एनकॅपची (गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या भारतीय यंत्रणेची) समोरून धडकेची चाचणी ताशी ६४ किलोमीटरला होते. एकशेचाळीसला नाही. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ६४ च्या मानाने १४० ला ती पावणेपाच पटीहून जास्त. त्या ऊर्जेसाठी कुठल्याही चाचणीत स्टार दिलेले नाहीत. एअरबॅग तीच, पत्रा तोच, माणसाची मान तीच.

एबीएस चाक जाम होऊ देत नाही, त्यामुळे ब्रेक दाबूनही स्टिअरिंग वळवता येतं. मोठी गोष्ट आहे. पण ते रस्ता लांब करून देत नाही. १४० ला माणसाला समोरचं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर ५८ मीटर गेले. त्यानंतर उत्तम ब्रेकने आणखी ७७. एकूण १३५ मीटर. डिपरवर हेडलाइटचा उजेड नीट पोचतो पन्नास-साठ मीटर. म्हणजे तुमचा मुलगा दिसणाऱ्या रस्त्याच्या दुपटीहून लांबवर, काळोखात, आंधळेपणाने गाडी सोडून देतो.

आणि तो रस्ता कोणता? मोहोळ ते टेंभुर्णी. हंगामात नोव्हेंबरपासून रात्रभर उसाच्या ट्रॉल्या चालतात, एकामागे दोन जोडलेल्या, मागे दिवा नाही, रेडियमची पट्टी चिखलाने झाकलेली, वेग ताशी वीस. उसाची मोळी बाहेर आलेली असते ती बरोबर काचेच्या उंचीवर. तिथे पुढचा क्रंपल झोन (धडक झेलून चुरगळणारा भाग) आणि एअरबॅग यांचा फारसा उपयोग होत नाही, कारण गाडीचा पुढचा भाग ट्रॉलीखाली जातो आणि धडक काचेला बसते. अशा गाड्या गॅरेजला ओढून आणल्या जातात. बॉनेटला फारसं काही झालेलं नसतं. त्या गाड्यांवर काम करायला माझा हात उचलत नाही.

त्याला वेग आवडतो, यात गैर काही नाही. मलाही आवडतो. त्यासाठी बंद जागा असतात. लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस भरवल्या गेल्या आहेत. तिथे हेल्मेट लागतं, आधी गाडी तपासतात, समोरून कुणी येत नाही आणि अँब्युलन्स उभी असते. मसल कारचा जन्मही पाव मैलाच्या अशाच पट्ट्यांवर झाला. त्याने तिथे नाव नोंदवायचं ठरवलं तर गाडी मी फुकट तयार करून देईन.

तोवर त्याला एक काम सांगा. टायरच्या कडेवर ‘DOT’ या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. चारही टायरचे आकडे लिहून आणायचे. हवा सकाळी, गाडी न चालवता, थंड टायरमध्ये मोजायची, दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेली असते तेवढीच. दुपारी तापलेल्या टायरमध्ये मोजून हवा सोडायची नाही. हे घेऊन त्याला रविवारी गॅरेजवर पाठवा. गाडी लिफ्टवर घेऊ, पॅड काढून बघू आणि ब्रेक ऑइलमध्ये पाणी किती उतरलंय ते मीटर लावून त्याच्या डोळ्यांदेखत मोजू.